भोगी ते आषाढी: माशांना ताजी भाजी देण्याचा सहा महिन्यांचा अनुभव

माझ्याकडे दोन टँक आहेत. तीन फुटीत तीन ओरांडा गोल्डफिश, दोन फुटीत छोटे मॉली मासे आणि तळाशी राहणाऱ्या ब्रिसलनोज माशांची एक जोडी. भोगीच्या दिवशी पहिल्यांदा भाजी दिली, आता आषाढी होऊन गेली. थंडी आणि सोलापूरचा उन्हाळा दोन्ही पाहून झाल्यावर लिहितेय.

सुरुवात एका ओरांडामुळे झाली. माशांचे तयार दाणे खाल्ले की तासाभरात तो शेपटी वर करून तरंगायचा, खाली जायला धडपडायचा. गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात उतरतं. कोरडे दाणे भराभर गिळून पोट गच्च झालं की त्याचा तोल जातो. त्याला दोन दिवस उपाशी ठेवलं. भोगीच्या भाजीसाठी वाटाणा सोलत होतोच, त्यातले चार दाणे मी बाजूला काढले. ते बोटांनी सहज चेपतील इतके शिजवले, साल काढली, चुरून दिले. संध्याकाळी त्याच्यामागे हिरवी लांब दोरी लोंबत होती आणि दुसऱ्या दिवशी मासा सरळ पोहत होता. मला केवढं हायसं वाटलं! पण वाटाणा म्हणजे औषध नव्हे. त्रास पोटामुळे असेल तरच गुण येतो. संसर्ग असेल किंवा शरीराची ठेवणच तशी असेल, तर वाटाण्याने काही होत नाही. मी दाणेही आता भिजवूनच देते.

व्हिडिओंमध्ये सगळे झुकिनी (काकडीसारखी दिसणारी परदेशी भाजी) सांगतात. आपल्याला तिच्यामागे धावायची गरज नाही. लक्ष्मी मंडईत मिळणारा दुधी आणि दोडका ब्रिसलनोजला तितकाच आवडतो. दुधीची बोटभर जाड चकती तीन-चार मिनिटं उकळायची, थंड पाण्यात टाकायची आणि स्टीलच्या काट्यात टोचून तळाशी ठेवायची. न शिजवलेली चकती तरंगत राहते. रात्री दिवे बंद केल्यावर मोबाईलचा उजेड लांबून धरून पाहा: मादी चकतीला तोंड चिकटवून बसते, गालफडं सारखी हलत असतात, आणि नर मिशा पुढे करून तिला ढकलत असतो. सकाळी मधला गर गायब, काट्यात फक्त सालीची हिरवी बांगडी उरलेली असते.

दुधी, दोडका, काकडी यांचा तुकडा आधी स्वतः जिभेला लावून बघा. कडू लागला तर टाकून द्या. आमची मंडईतली मावशी आता विचारतेच, "माशांसाठी का घरासाठी?" आणि माशांसाठी म्हटलं की कोवळा दुधी काढून देते.

बाकीच्या भाज्यांचं थोडक्यात. काकडी सगळे खातात, पण ती जवळजवळ पाणीच, पोषण फारसं नाही. पालक अर्धा-एक मिनिट उकळून पाणी फेकायचं. मॉली त्याची पार चाळण करतात. गाजराने रंग खुलतो म्हणतात, माझ्या ओरांडांत सहा महिन्यांत डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही, विष्ठा मात्र केशरी झाली. फवारणीची भीती मला आहे, म्हणून साल निघेल ती काढते आणि पालेभाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुते. टँकमध्ये झिंगे असतील तर दुप्पट काळजी घ्या, कीटकनाशकाला ते आधी बळी पडतात. मीठ-तेल लागलेली घरातली उरलेली भाजी कधीच नको. आणि निव्वळ भाजीवर मासे ठेवू नका, त्यांना प्रथिनं लागतातच. आठवड्यातून दोनदा भाजी, बाकी दिवस दाणे.

आता खरं सांगायचं ते. कोणती भाजी द्यायची यापेक्षा ती बाहेर कधी काढायची, हे जास्त महत्त्वाचं आहे. एप्रिलमध्ये एका लग्नाला पहाटे निघालो आणि रात्री टाकलेला दुधी, पालक तसाच राहिला. बाहेर पारा चाळिशीच्या वर, घर दिवसभर बंद. रात्री आलो तर टँकचं पाणी ताक झालं होतं आणि मॉली वर येऊन तोंड उघडमीट करत होत्या. भाजी कुजते तेव्हा जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी असतो. वर कुजण्यातून सुटणारा अमोनिया. पाणी जितकं गरम आणि अल्कधर्मी, तितका अमोनिया जास्त विषारी. आमच्याकडे काचेवर क्षारांची पांढरी रेघ धरते, यावरूनच पाणी कसं आहे ते समजा.

अर्धं पाणी ताबडतोब बदलायला हवं होतं. पण नळ यायला अजून दोन दिवस होते आणि पिंपात जेमतेम चार बादल्या उरल्या होत्या. त्या चारही बादल्या ओतल्या, एअर पंप पूर्ण सोडला, रात्रभर बसून राहिले. दोन मॉली गेल्या. त्यातली एक माझ्याकडे सगळ्यात जुनी होती. अजून वाईट वाटतं, कारण चूक पूर्णपणे टाळता येण्यासारखी होती.

तेव्हापासून भाजी रात्री नऊला आत जाते आणि सकाळी सातला बाहेर येते, कितीही उरलेली असो. मे महिन्यात तर मी चार तासांतच काढत होते. दुसऱ्या दिवशी बाहेरगावी जायचं असेल तर भाजी नाहीच. उजनी धरणाचं पाणी आमच्या भागात चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून दुधीचा दिवस आता वारावर ठरत नाही, नळावर ठरतो. नळ येण्याच्या आदल्या रात्री चकती टाकते. सकाळी उरलेली बांगडी काढली की पिंपातलं मुरलेलं पाणी टँकला बिनघोर वापरता येतं, कारण तासाभरात पिंप पुन्हा भरणार असतं.