ब्रोमेलेन सात महिने: घोट्याला मानवलं, गुडघ्याने दाद दिली नाही

आधी हिशोब सांगते. गेल्या आषाढात सुरू केलं, माघात थांबवलं. त्यातले पहिले दहा दिवस डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, आणि पुढचे महिने मी माझ्या अकलेने मागवलेल्या कॅप्सूल. दोन्हींतलं मुख्य औषध एकच, अननसातलं ब्रोमेलेन. पण दोन्हींचा अनुभव इतका वेगळा आला की एका दमात ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ म्हणता येत नाही.

मालवणात आमची छोटी खाणावळ आहे. पावसाळ्यात मागच्या दाराच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ते घासायचं राहिलं आणि हातातल्या टोपासकट मी खाली. उजवा घोटा तासाभरात कोहळ्यासारखा झाला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी बर्फ, पट्टी, पाय उशीवर, आणि दिवसातून तीनदा एक गोळी सांगितली, तीही जेवणाच्या अर्धा तास आधी. रिकाम्या पोटी सूज उतरवायची गोळी हे मला विचित्र वाटलं, कारण दुखण्याची गोळी म्हणजे काहीतरी खाऊन घ्यायची हेच आपल्या डोक्यात बसलेलं. डॉक्टर म्हणाले, "काकी, पोटात जेवण असलं तर ही गोळी जेवण पचवायलाच जाते. तिला आतड्यातून रक्तात जाऊ दे."

पाकिटावर ट्रिप्सिन ४८ मिलिग्रॅम, ब्रोमेलेन ९० मिलिग्रॅम आणि रुटोसाइड १०० मिलिग्रॅम असं लिहिलेलं. यातलं ट्रिप्सिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढतात. मला त्याचं काही नाही, पण शेजारच्या कट्टर शाकाहारी वहिनींना हे कळल्यावर त्यांनी गुडघ्यासाठी घरात आणलेलं तेच पाकीट परत केलं. तेव्हा गोळी ‘अननसाची’ आहे एवढं ऐकून थांबू नका, मागची बारीक अक्षरं वाचा.

चौथ्या दिवशी घोट्याचं हाड पुन्हा दिसायला लागलं, आठव्या दिवशी चप्पल चढली. गोळीने किती आणि बर्फाने किती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण याआधी दोनदा पाय मुरगळला होता तेव्हा याच सुजेने तीन आठवडे खाल्ले होते. अक्कलदाढ काढल्यावरच्या सुजेसाठी ब्रोमेलेनवर बरेच अभ्यास झालेत आणि त्यांतल्या काहींत फायदा दिसलाय. सुजेच्या जागी साचणारं फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारं प्रोटीनचं जाळं, तोडायला ते मदत करतं, असं त्यामागचं कारण सांगतात.

झालं, मला उत्साह आला. डावा गुडघा चार वर्षं कुरकुरतोय. म्हटलं, घोट्याला चाललं ते गुडघ्याला का नाही? ऑनलाइन नुसत्या ब्रोमेलेनच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मागवल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, रिकाम्या पोटी.

पहिला आठवडा पोटाने त्रास दिला. मळमळ, आणि दोन दिवस सरळ जुलाब. दिवसाला एकीवर आले तेव्हा जुलाब थांबले, मग हळूहळू पुन्हा दोनांवर गेले. अननस खाल्ल्यावर ज्यांच्या ओठाला खाज सुटते किंवा अंगावर गांधी उठतात त्यांनी तर या वाटेला जाऊच नये. जीभ चरचरणं वेगळं, ती सगळ्यांचीच थोडीफार चरचरते. आपण अननस खातो तेव्हा तोही आपल्याला थोडा खात असतो.

आता जेलीची गोष्ट. पहिल्या बाटलीवर फक्त मिलिग्रॅम लिहिलेले. हे एन्झाइम, म्हणजे प्रोटीन तोडणारा पदार्थ, असल्यामुळे वजनापेक्षा त्याची ताकद महत्त्वाची, आणि ती जीडीयू नावाच्या एककात मोजतात. जीडीयू म्हणजे जिलेटीन किती पचवतं याचं माप. हे माझ्या बारावीतल्या मुलाने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं त्याच रात्री दुकानातली जेली घेऊन बसलो. चार वाट्या लावल्या, कॅप्सूल फोडून भुरभुरली, सकाळपर्यंत काहीच नाही. मी कंपनीला शिव्या घालायच्या बेतात होते, तेवढ्यात मुलाने डबा उलटा केला. हिरवा ठिपका! ती जेली समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाने जमणारी, तिच्यात प्रोटीनच नाही, तर ब्रोमेलेन तोडणार काय? चायना ग्रासच्या पुडिंगमध्ये कच्चा अननस घातला तरी ते छान धरतं, ते याचमुळे.

मग केकचं सामान मिळतं तिथून खरं जिलेटीन आणलं. एका वाटीवर नव्या बाटलीतली कॅप्सूल, दुसरीवर जुन्या बाटलीतली, तिसरीवर कच्च्या अननसाचा रस, चौथीवर तोच रस उकळून गार केलेला. मुलाच्या हट्टाने पाचवी वाटी कोरी ठेवली. दोन तासांनी कच्च्या रसाची वाटी अर्धी पाणी झालेली. उकळलेल्या रसाची जशीच्या तशी, बोट लावलं तर थरथरली फक्त. नव्या कॅप्सूलने मधोमध खळगा पाडला होता, त्यात चमचाभर पाणी साचलेलं. जुन्या बाटलीतलीने वर नुसता ओलसर डाग केला.

जुनी बाटली कुठे होती? चुलीवरच्या फळीवर, ऑगस्टभर, वाफेत. झाकण पुष्कळदा अर्धवट लावलेलं. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या होत्या तरी मी घेतच होते. कोकणातल्या पावसात पापड कडक राहत नाहीत तिथे एन्झाइमचं काय घेऊन बसलात. तेव्हा बाटली स्वयंपाकघरात ठेवू नका, आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका.

याच प्रयोगाने आणखी एक गोष्ट पटली. आमच्याकडे पाहुणे कौतुकाने म्हणतात, "वहिनी, अननसाचं सासव खाल्लं, आता गुडघे पळतील!" सासव म्हणजे मोहरीच्या वाटणातलं कालवण, तेही शिजवलेलं. शिरा शिजवलेला. डब्यातला अननस तर गरम करूनच भरलेला. त्यांतलं ब्रोमेलेन गेलेलं असतं. आणि औषधासाठी वापरतात ते फळातलं नव्हे, मुख्यतः खोडातलं. फळातलं १८९१मध्ये व्हेनेझुएलात वेगळं काढलं गेलं, पण खोडात ते भरपूर असतं हे हवाईत १९५७मध्ये लक्षात आलं, आणि तिथून ते धंद्याच्या प्रमाणात निघायला लागलं. दोडामार्गच्या बागांत अननस उतरवल्यावर मागे राहणारी खोडं पाहिली की मला आता वेगळंच दिसतं.

गुडघ्याचं सांगते. कालनिर्णयवर दुधाच्या आकड्याशेजारी रोज रात्री गुडघ्याच्या दुखण्याचा आकडा लिहायचे, शून्य ते पाच. ऑगस्टात बहुतेक तीन. सप्टेंबरात तीन. गणपतीत चार, कारण पाटावर बसून मोदक वळले. दिवाळीच्या सुमारास बाटली संपली, तळाशी चिकटलेल्या एक-दोन तेवढ्या राहिल्या, पुढचं पार्सल १९ दिवस रखडलं, आणि पर्यटकांचा हंगाम असूनही त्या १९ दिवसांत आकडा तोच, तीन. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण पैसे भरलेले होते, म्हणून आणखी रेटलं.

नंतर कळलं की गुडघ्याच्या झिजेवर नुसतं ब्रोमेलेन देऊन पाहिलेला एक छोटा अभ्यास २००६ साली आला होता. ४७ जण, रोज ८०० मिलिग्रॅम, १२ आठवडे, आणि खोट्या गोळीपेक्षा काही वेगळं हाती लागलं नाही. ट्रिप्सिन-रुटोसाइडबरोबरच्या मिश्रणाचे निकाल काही ठिकाणी बरे आहेत, पण ते माझ्या बाटलीत नव्हतंच. माझ्या गुडघ्याला खरा उतार पडला तो फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या मांडीच्या व्यायामाने आणि आडाळो, म्हणजे नारळ खवायची विळी, जमिनीवरून उचलून ओट्यावर नेल्याने. रोज वीस नारळ उकिडवं बसून खवायचे आणि औषधाला दोष द्यायचा!

एक प्रसंग मात्र थोडक्यात टळला. सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, ते अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेतात. एक दिवस माझी बाटली त्यांच्या पलंगाशी सापडली. म्हणाले, "तुझा घोटा बरो झालो मा, माझोय खांदो दुखता." दोन कॅप्सूल घेऊन झाल्या होत्या. डॉक्टरांना फोन केला तर ते वैतागलेच. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर ब्रोमेलेन घेतलं तर रक्तस्राव वाढायची भीती असते. ऑपरेशन ठरलेलं असेल तरी सर्जनला आधी सांगावं. नैसर्गिक आहे म्हणून घरभर वाटायची ही वस्तू नाही. अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक चालू असलं तरीही विचारून घ्या.

भाजल्यावर अननस चोळा, जखमेला पपईचा चीक लावा, असंही ऐकवणारे भेटतात. भाजलेल्या जागेची मेलेली कातडी काढायला ब्रोमेलेनचं औषध खरंच आहे, नेक्सोब्रिड. युरोपात २०१२ला आणि अमेरिकेत डिसेंबर २०२२ला त्याला मान्यता मिळाली. पण ते हॉस्पिटलात, वेदनाशामक देऊन, चार तास लावून काढून घेतात. आणि पपईतल्या पपेनची मलमं अमेरिकेने २००८मध्ये बाजारातून हटवायला लावली, कारण काहींना जीवघेणी अ‍ॅलर्जी झाली होती. माझ्या घरात कच्च्या पपईची जागा मटणाच्या वाटणात, बस.

पुन्हा पाय मुरगळला आणि डॉक्टरांनी लिहून दिली तर ती मिश्र गोळी मी दहा दिवस बिनतक्रार घेईन. कॅप्सूलची तिसरी बाटली मागवणार नाही. दुसरीतल्या नऊ उरल्या होत्या. त्यांतल्या दोन परवा फोडून मटणाला चोळल्या, अर्धा तास ठेवलं, आणि नेहमीच्या पाच शिट्ट्यांऐवजी तीन शिट्ट्यांत काम झालं.