जुन्या गाडीसाठी निकेलचा प्लग की इरिडियमचा?

इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या साध्या, म्हणजे निकेलच्या, स्पार्क प्लगच्या गाभ्यात तांबे असते, मात्र ठिणगी झेलणारे टोक निकेल मिश्रधातूचे आणि सुमारे २.५ मिलिमीटर जाड असते. इरिडियमचे टोक जेमतेम ०.४ ते ०.६ मिलिमीटरचे असल्याने तेथे कमी दाबाच्या विजेवरही ठिणगी पडते. त्यामुळे कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारा भाग) अशक्त झालेल्या गाडीला इरिडियम सोयीचा वाटतो, आणि थंडीत इंजिन लवकर सुरू होते हेही खरे.

परंतु कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेल्या), थोडे ऑइल पिणाऱ्या इंजिनात प्लग झिजण्याआधीच काजळीने माखतो, म्हणून इरिडियमचे दीर्घ आयुष्य तेथे बहुधा वायाच जाते. निकेलचा प्लग मात्र काढून पुसता येतो आणि बाजूचे टोक हलकेच वाकवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) गॅप, म्हणजे दोन टोकांमधील फट, पुन्हा जुळवता येतो. इरिडियमच्या नाजूक टोकाला तारेचा ब्रश लावणेही धोक्याचे. माझे मत अशा इंजिनापुरते निकेलच्या बाजूने आहे.

प्लग कोणताही घेतला तरी हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते) आणि आट्यांची लांबी उत्पादकाने सांगितलेलीच हवी. बदलताना इंजिन थंड असावे, प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढावी आणि पहिले आटे हातानेच बसवावेत, कारण इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या हेडमधील (प्लग जिथे बसतो त्या वरच्या भागातील) आटे एकदा गेले की खर्च प्लगपुरता राहत नाही.