धनुष्यबाणाची शिकार आणि माहितीपट: मंडळाने कोणता दाखवावा?

मुंबईतल्या एखाद्या निसर्गमंडळाने किंवा गृहसंकुलाच्या वाचनालयाने शिकारीवरचा माहितीपट दाखवायचे ठरवले, की आयोजकांपुढे दुहेरी अडचण उभी राहते. प्रेक्षकांना विषयच खटकतो, आणि शिकारीच्या बहुतेक चित्रफिती बाण सुटला की थेट विजयी छायाचित्रापाशी पोहोचतात. म्हणून निवड करताना मी एकच गोष्ट आधी पाहतो: बाण सुटल्यानंतरचे किती दाखवले आहे.

यामागे कारण आहे. रुंद पात्याचा बाण फुप्फुस किंवा हृदय कापतो आणि जनावर रक्तस्रावाने मरते. बाण ध्वनीपेक्षा कितीतरी मंद जात असल्यामुळे प्रत्यंचेचा आवाज ऐकून हरिण दबते, आणि वर्मी लागायचा बाण भलतीकडेच बसतो. म्हणून जबाबदार तिरंदाज जवळ जातो, जनावर आडवे उभे राहीपर्यंत थांबतो, तसे न झाल्यास बाण सोडत नाही, आणि सोडलाच तर जखमी जनावराचा माग शेवटपर्यंत काढतो.

या दृष्टीने अमेरिकी चित्रपटकार जॉन मार्शल यांचा १९५७ सालचा ‘द हंटर्स’ अजूनही सर्वांत समृद्ध वाटतो. दक्षिण आफ्रिका खंडातल्या कालाहारी वाळवंटातले चार जुहोआन्सी (सान आदिवासींपैकी एक समाज) शिकारी एका जिराफाला विषारी बाण मारतात आणि नंतर कित्येक दिवस त्याच्या मागावर राहतात. त्यांचे धनुष्य लहान आणि हलके असते. जनावर बाणाच्या जोराने पडत नाही, तर एका भुंग्याच्या अळीपासून काढलेल्या विषाने हळूहळू खचते. बाणाचा पुढचा भाग शरीरात रुतून राहतो आणि दांडा गळून पडतो. विष अगदी टोकाला न लावता त्याच्या मागे लावतात, म्हणजे चुकून टोचले तरी माणूस वाचतो. जुहोआन्सींच्या रिवाजानुसार मांसावर पहिला हक्क बाणाच्या मालकाचा असतो, मग तो शिकारीला आलेला असो वा नसो, आणि वाटपाची जबाबदारीही त्याचीच. शिकारीचा मान एकट्याच्या डोक्यावर चढू नये, अशी ही व्यवस्था आहे, आणि माझ्या मते धनुष्याच्या शिकारीतली नीती याहून स्पष्टपणे क्वचितच मांडता येईल.

तरीही हा चित्रपट डोळे मिटून दाखवू नये. पडद्यावरची सलग शिकार प्रत्यक्षात अनेक शिकारींच्या चित्रणातून जुळवलेली आहे, निवेदन शिकाऱ्यांचे नसून मार्शल यांचे आहे, आणि या समाजाच्या अन्नाचा मोठा भाग स्त्रियांनी गोळा केलेल्या कंदमुळांतून आणि फळांतून येत असे हे त्यात पुरेसे उमटत नाही. जिराफाचा अंतही लांबतो. माहितीपटाच्या प्रामाणिकपणावर चर्चा घडवायची असेल, तर मात्र याच उणिवा उपयोगी पडतात.

क्रेग आणि डेमन फॉस्टर या बंधूंचा ‘द ग्रेट डान्स’ (२०००) अधिक जवळचा वाटतो. क्रेग फॉस्टर यांना आपल्याकडचे अनेक प्रेक्षक ‘माय ऑक्टोपस टीचर’ या माहितीपटामुळे ओळखतात, त्यामुळे सभागृहात कुतूहल आधीच असते. इथेही शिकारी कालाहारीतलेच आहेत, आणि कथन त्यांच्यातल्या एकाच्या भूमिकेतून येते. वाळूतल्या पाऊलखुणा वाचून जनावराची चाल आणि थकवा ओळखण्याचे कसब हा माहितीपट फार मनापासून दाखवतो. मात्र त्याचा कळस धनुष्याची शिकार नसून भर उन्हात धावत केलेला पाठलाग आहे, आणि छायाचित्रणाचा देखणेपणा काही ठिकाणी जनावराच्या यातनेवर पांघरूण घालतो, ही माझी तक्रार आहे.

स्टीव्हन रिनेला यांची ‘मीटइटर’ ही अमेरिकी मालिका तिसरा पर्याय. शिकार केलेले मांस तिथे कापून, शिजवून, खाऊन दाखवतात, ही तिची जमेची बाजू. पण तिच्यात बंदुकीच्या शिकारी पुष्कळ आहेत, म्हणून भाग पाहूनच निवडावा लागतो. खेळ म्हणून तिरंदाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना तिचा उपयोग होईल; मंडळाच्या सार्वजनिक कार्यक्रमासाठी मी ती घेणार नाही.

संमिश्र वयाचा प्रेक्षक असेल तर ‘द ग्रेट डान्स’ घ्यावा. प्रौढ आणि चर्चेची सवय असलेल्यांसाठी ‘द हंटर्स’ निवडावा, आणि चित्रपटाआधी पाच मिनिटे त्याच्या जुळणीबद्दल सांगावे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्यप्राण्यांची शिकार गुन्हा आहे, मग हत्यार बंदूक असो वा धनुष्य, हेही त्याच पाच मिनिटांत सांगून टाकावे; बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत राहणाऱ्या प्रेक्षकांपैकी कोणी ना कोणी तो प्रश्न विचारतेच.