व्हल्केन क्रिकेट: गजर खणखणीत, सर्व्हिसिंगने मात्र डोकं उठवलं

खरं तर व्हल्केन क्रिकेट या गजर वाजवणाऱ्या मनगटी घड्याळाबद्दल नुसतं कौतुक लिहायचं होतं. पण मध्ये ते सर्व्हिसिंगला दिलं.

माझं जुनं आहे, १२० कॅलिबरचं (कॅलिबर म्हणजे आतल्या यंत्राचा नमुना), रोज चावी द्यायचं. १९४७ साली हे बाजारात आलं, ट्रुमन, आयझेनहॉवर, जॉन्सन या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी वापरलं, वगैरे या वाटेला जाणाऱ्यांना पाठ असतं. ते सोडतो.

चावी एकच, स्प्रिंगा दोन. एका दिशेला फिरवली की वेळेची भरते, उलटी फिरवली की गजराची. दोनच्या आकड्याशी बटण आहे. ते दाबलं की चावी अर्धी बाहेर येते आणि गजराचा काटा लावता येतो. वाजत असताना तेच दाबायचं, गप्प होतं. आवाजाची करामत पाठीमागे आहे: आत पातळ पडदा, त्याला जोडलेल्या खुंटीवर हातोडी ठोके देते, आणि बाहेरच्या झाकणाला भोकं. मनगटावर ती भोकं कातडीने झाकली जातात, त्यामुळे हाताला मुंग्या आल्यासारखं होतं आणि आवाज दबतो. झोपताना लाकडी टेबलावर ठेवा, शेजारीही उठतील.

आधी माझी तक्रार वेगळीच होती. माझ्या डायलवर गजरासाठी दहा-दहा मिनिटांच्या खुणा आहेत. एवढे पैसे मोजून सहा पस्तीसचा गजर अंदाजाने लावायचा?

मग सर्व्हिसिंग. घड्याळ परत आलं ते वेळेला एकदम चोख, पण गजर वीस मिनिटं आधी. दुकानदाराचं उत्तर: "साहेब, जुना माल आहे, इकडेतिकडे व्हायचंच." पुन्हा उघडायचं तर पुन्हा चार्ज. आणखी एक पैसा दिला नाही, घड्याळ उचललं आणि निघालो.

कारण जुना माल नाहीच. अशा गजरात तासाच्या काट्याबरोबर फिरणारं चाक ठरल्या जागी आलं की खाचेत पडतं आणि हातोडी मोकळी होते. डायलवरचे काटे फक्त ती जागा दाखवतात. ते तिरके बसवले की यंत्र बरोबर आणि काटे खोटे. दुसऱ्या, वयस्कर कारागिराने माझ्यासमोर काटे उपसले, घड्याळ कानाला लावून चावी हळूहळू फिरवली, गजर सुटला त्या क्षणी थांबले आणि तासाचा, मिनिटाचा, गजराचा असे तिन्ही काटे बारावर बसवले. चहा गार व्हायच्या आत काम झालं. पैसे पहिल्याच्या मानाने किरकोळ. पहिल्याने हे का केलं नाही, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

तेव्हापासून दोन खुणांच्या मध्ये नजरेने काटा लावला तरी दोन-चार मिनिटांच्या आत वाजतो. खुणांची तक्रार मागे घेतली. आता खटकतं ते एवढंच, की डायल बारा तासांची. संध्याकाळी सातला उद्या सकाळी आठचा गजर भरून ठेवला, तर तो आज जेवताना आठला वाजणार. म्हणून गजराची चावी अंथरुणावर पडतानाच द्यायची.

सर्व्हिसिंगला देणार असाल तर पावतीवर "गजर बाराला जुळवून देणे" एवढं लिहून घ्या. आणि घेताना काउंटरवरच वाजवून बघा, दुकानदार कितीही घाईत असला तरी.