लेखकांची नावे बदलायची, तर आधी प्रीप्रिंटमध्ये की थेट जर्नलकडे?

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातून गुलाबी बोंडअळीवर अभ्यास होतो. विद्यार्थी कामगंध सापळ्यांतील पतंग मोजतात, हिरवी बोंडे फोडून अळ्या तपासतात आणि तिघांच्या नावाने प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलच्या तज्ज्ञ-परीक्षणाआधीच ऑनलाइन खुली केलेली लेखाची प्रत, प्रसिद्ध होते. जर्नलकडे पाठवायची वेळ येईपर्यंत संख्याशास्त्राच्या मॅडमनी सगळे विश्लेषण नव्याने करून दिलेले असते, तर सापळे सांभाळणारा विद्यार्थी नोकरीनिमित्त पुण्याला गेलेला असतो. अशा वेळी एक नाव वाढवायचे आणि एक गाळायचे, असा विचार सुरू होतो.

नाव वाढवायचे असेल तर दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. बायोआर्काइव्ह या जीवशास्त्रातील प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर जर्नलने लेख स्वीकारेपर्यंत सुधारित आवृत्ती चढवता येते, म्हणून चार नावांची आवृत्ती आधी चढवून मग लेख पाठवला, तर संपादकाला दोन्हीकडे एकच यादी दिसते आणि दरम्यान प्रीप्रिंटचा संदर्भ देणाऱ्यांनाही नवी नावे मिळतात. थेट जर्नलकडे पाठवल्यास काही दिवस वाचतात, परंतु मग यादी का बदलली हे सोबतच्या पत्रात स्वतःहून लिहावे लागते. मी पहिली वाट सुचवेन. लेख पाठवून झाल्यावर नाव घालण्याची तिसरी वाट मात्र शक्यतो टाळावी, कारण वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींनुसार तेव्हा बदलाचे कारण आणि सर्व लेखकांची सहीनिशी संमती मागितली जाते.

नाव गाळण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. प्रीप्रिंटची जुनी आवृत्ती वाचकांसमोर कायम राहते. म्हणजे गाळलेले नाव पुसले जात नाही, केवळ ते का गेले हा प्रश्न मागे उरतो. त्याच समितीच्या निकषांनुसार लेखकाने अभ्यासाची आखणी, माहिती-संकलन, विश्लेषण किंवा अर्थनिर्णयन यांत भरीव वाटा उचललेला असावा, मसुद्याच्या लेखनात किंवा चिकित्सक सुधारणेत भाग घेतलेला असावा, अंतिम प्रतीला मान्यता दिलेली असावी आणि कामाची जबाबदारी स्वीकारलेली असावी. ‘त्याने मसुदा पाहिलाच नाही, म्हणून तो लेखक नाही’ हा युक्तिवाद आपल्याकडे सर्रास ऐकू येतो, पण शिफारशी त्याला आधार देत नाहीत. ज्याने पहिली अट पूर्ण केली आहे, त्याला मसुदा वाचण्याची, सुधारण्याची आणि मान्यता देण्याची संधी मिळालीच पाहिजे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. खरिपाचा संपूर्ण हंगाम चिखलात उभे राहून नोंदी घेणाऱ्या आणि त्या नोंदींचा अर्थ लावण्यातही सहभागी असलेल्या मुलाला केवळ तो गाव सोडून गेला म्हणून ऋणनिर्देशात ढकलणे मला अन्यायाचे वाटते. ज्याने ठरवून दिलेल्या तक्त्यात फक्त आकडे भरले, त्याच्यासाठी ऋणनिर्देश योग्य आहे, आणि तोही त्याला विचारून.

म्हणून यादीला हात लावण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याला फोन करावा, मसुदा ई-मेलने पाठवावा आणि वाचायला पुरेशी मुदत द्यावी. त्याने स्वतःच नाव नको म्हटले, तर तेवढे त्याच्याकडून लेखी घ्यावे आणि मगच नवी आवृत्ती चढवावी.