एकाच नावाचे दोन प्रोसेसर: सोलापूरकरांनी लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप?

नवी पेठेत चौकशी करणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. लॅपटॉपवर ‘कोअर आय५’, डेस्कटॉपवरही ‘कोअर आय५’, मग उचलून नेता येणारा का घेऊ नये? नाव एकच असलं तरी आतला माल वेगळा असतो, म्हणून हा हिशेब चुकतो.

इंटेलच्या १३व्या पिढीतली जोडी घ्या: लॅपटॉपचा आय५-१३३५यू आणि डेस्कटॉपचा आय५-१३४००. दोघांचे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) १०, दोघांचा कमाल वेग ४.६ गिगाहर्ट्झ. कागदावर जुळे भाऊच. पण १३३५यूच्या दहांत दमदार कोअर फक्त २, उरलेले ८ वीज वाचवणारे छोटे. १३४००मध्ये दमदार ६ आणि छोटे ४. त्यात पहिल्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, दुसऱ्याची ६५. जोर लावला तर पहिला ५५ वॅटपर्यंत जातो, दुसरा १४८ पर्यंत. ४.६ हा आकडा एखाददुसऱ्या कोअरला थोडा वेळ मिळणारा वेग आहे. दिवसभराचा वेग वॅट आणि थंडावा ठरवतात.

टॅलीत नोंदी, एक्सेल, ब्राउझर, पीडीएफ असली कामं क्षणभर जोर मागतात आणि थांबतात. तिथे दोघांतला फरक जाणवणारही नाही. लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की चित्र पालटतं. लॅपटॉप सुरुवातीला जोरात पळतो, मग कंपनीने आखून दिलेल्या वीजमर्यादेवर उतरतो आणि तिथेच रेंगाळतो. ही मर्यादा प्रत्येक कंपनी आपापल्या मॉडेलनुसार ठेवते. त्यामुळे एकच प्रोसेसर एका पंख्याच्या बारीक लॅपटॉपमध्ये मंद आणि दोन पंख्यांच्या जाडजूड लॅपटॉपमध्ये चपळ निघू शकतो.

त्यात आपला एप्रिल-मे. प्रोसेसरची उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच सोडायची असते. खोली २५ अंशांऐवजी ४० वर असेल, तर थंड करायला मिळणारी १५ अंशांची सवड आधीच गेली. १३३५यू १०० अंशांना टेकला की स्वतःचा वेग कमी करतो. डेस्कटॉपच्या डब्यात मोठा हीटसिंक (उष्णता शोषून घेणारा धातूचा ठोकळा) आणि मोठे पंखे बसतात, म्हणून १३४००ला दुपारीही श्वास घ्यायला जागा उरते.

यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात टॉवेल-चादरींची डिझाइनं करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट धरावी. मागावरून उडणारी सुताची बारीक धूळ लॅपटॉपच्या पंख्यात शिरते आणि पंखा व जाळी यांच्या मध्ये नमद्यासारखी दाबून बसते. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त मशीन तापतं आणि रडत चालतं. डेस्कटॉपची बाजू उघडून ब्लोअर मारायला फार वेळ लागत नाही. लॅपटॉपचा मागचा पत्रा खोलून पंखा साफ करायला मेकॅनिककडेच जावं लागतं, म्हणून बहुतेक जण जातच नाहीत.

वीज गेली की मात्र बाजी लॅपटॉपची. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, आणि छोटा यूपीएस फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरताच पुरतो. किमतीच्या तुलनेत तो खर्च धरा, मॉनिटरचाही धरा. पण बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग आवरतात, त्यामुळे जड काम तिथेही लावून दिलं आणि झालं, असं नसतं.

लॅपटॉपच घ्यायचा तर नावातलं शेवटचं अक्षर वाचा. यू म्हणजे कमी विजेचा. एच म्हणजे साधारण ४५ वॅटचा, आणि इथे दरी बरीच बुजते: आय७-१३७००एचमध्ये ६ दमदार अन् ८ छोटे कोअर, डेस्कटॉपच्या आय७-१३७००मध्ये ८ अन् ८. एचएक्स जवळजवळ डेस्कटॉपचीच चिप, पण वजन आणि किंमतही तशीच. इंटेलची स्पर्धक एएमडी हिच्या लॅपटॉपच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा आकडा पाहा. ७५२०यूमधला २ म्हणजे आतला गाभा झेन २ या पिढीचा, ७५३०यूमधला ३ म्हणजे झेन ३ चा. नवं नाव, जुना गाभा. असल्या नावांनी गिऱ्हाइकाला गंडवणं मला पटत नाही. ॲपलच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही. तो वेगवान आहे, पण सलग जड कामात मंदावतो, आणि टॅलीप्राइम विंडोजचं आहे, मॅकवर थेट चालत नाही.

डेस्कटॉपही निर्दोष नाहीत. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेजचा घोळ निघाला, २०२४ मध्ये कंपनीला वॉरंटी दोन वर्षं वाढवावी लागली. असा सेकंडहँड घेताना बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालाय का ते विचारा. उलट एएमडीच्या एएम४ सॉकेटने (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) २०१६ पासून मालकांना खुश ठेवलं. २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर कित्येक जुन्या बोर्डांवरही बसतो. लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डाला कायमचा डकवलेला, बदलायचा प्रश्नच नाही.

तेव्हा शिकायला पुण्याला निघालेल्या आणि हुतात्मा एक्स्प्रेसने ये-जा करणाऱ्या मुलाला लॅपटॉपच द्या, इंजिनिअरिंग असेल तर एच मालिकेतला. सीएच्या ऑफिसात यू मालिका पुरते. व्हिडिओ एडिटिंग किंवा दिवसभर डिझाइनिंग असेल तर डेस्कटॉप, यात मला शंका नाही.

पैसे देण्याआधी दुकानदाराला सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर, दहा मिनिटं सलग चालवायला सांगा. पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा स्कोअर लिहून घ्या. जमलं तर एसीच्या झोतापासून दूरच्या टेबलावर.