पाचटाचा बाक की बाभळीचा ओंडका?

अंगणातलं बसायचं सामान शेवटी मातीत मिसळावं आणि तोवर त्यात चार जिवांनी राहावं, असं वाटणाऱ्याला सोलापुरात मला दोनच पर्याय पटतात: उसाच्या पाचटाचा, म्हणजे वाळल्या पानांचा, बाक आणि बाभळीचा ओंडका. अळंबीच्या तंतूंची, म्हणजे मायसेलियमची, स्टुलं देखणी असतात. पण साच्यात वाढलेली ती बुरशी शेवटी भट्टीत वाळवून मारलेली असते. व्हरांड्यात ठीक, उघड्यावर नको.

पाचटाचे गठ्ठे आपल्या उसाच्या पट्ट्यात सहज मिळतात. ते शेजारी लावायचे, वर शेणमातीचा थर, त्यात पुदिना नाहीतर हरळी. जिवांची गर्दी पाहायची तर हाच बाक सरस, हे मान्य. गांडुळं, वाणी किडे, उत्तरा-हस्ताच्या पावसात अळंब्या. कुजला की थेट झाडाच्या आळ्यात.

मला खटकलं ते वेगळंच. त्या जिवांना ओल लागते आणि बसणाऱ्याला कोरडं. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पाणी द्यायचं राहिलं की हिरवळ करपते, आणि नळाला तर काही दिवसांआड पाणी. बरं, पाणी घातलं तर ऐन संध्याकाळी, वारा सुटतो तेव्हाच, बाक ओला. वर चादर टाकली तर चादरीला मातीचे डाग. आमच्याकडे सगळे पायरीवर बसायचे आणि बाक रिकामा. ज्यावर कोणी बसत नाही त्याला बाक कसं म्हणायचं?

ओंडक्यातले पाहुणे कोरड्यातच सुखी. पूर्वेकडच्या बाजूला सहा ते आठ मिलिमीटरची, आरपार न जाणारी भोकं पाडली की पानं कापणाऱ्या माश्या त्यात घर करतात. त्या एकेकट्या राहतात, पोळं राखत नाहीत, म्हणून डसायला धावत नाहीत. काळे भुंगे आपलं भोक आपणच कोरतात. तुरीच्या आणि शेवग्याच्या फुलांवर हीच मंडळी राबतात, त्यामुळे परसात शेवगा असेल तर मी दुसरा विचार करणार नाही. गांडुळं इथे दिसणार नाहीत, हे खरं. बोअरला भरपूर पाणी असेल आणि मुलांना ती दाखवायची असतील, तर पाचटही वाईट नाही. फक्त वाळवीच्या भीतीने तो बाक भिंतीपासून लांब ठेवा.

वखारीत मात्र सुबाभूळ गळ्यात मारून घेऊ नका, ती उघड्यावर टिकत नाही. बैलगाडीच्या चाकाला चालणारी, आत लालसर तपकिरी गाभ्याची बाभूळच मागा. साल काढा, किडा आधी तिथेच लागतो. आणि ओंडका मातीवर न टेकवता दगडांवर ठेवा.